रेषांचा क्रम आणि लिपीचे स्मरण : मोडीच्या निमित्ताने

१

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पेठ वडगावात राहणारी एम. ए.च्या वर्गातील एक विद्यार्थिनी घरच्या पेटीत सापडलेले जुने मोडी खरेदीखत घेऊन माझ्याकडे आली. तिने मोडीचा एक अल्प मुदतीचा वर्ग उत्तम गुणांनी पूर्ण केला होता. तक्त्यातील प्रत्येक अक्षर ती अचूक ओळखत असे आणि छापील नमुने अस्खलित वाचत असे. या कागदाच्या तिसऱ्या ओळीपाशी मात्र ती अडली ती अडलीच, आणि मलाही तेथून फारसे पुढे सरकता आले नाही. शेवटी तो कागद तिच्या आजोबांपुढे गेला. त्यांचे वय नव्वदीला टेकलेले, दृष्टी अधू झालेली. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्यापूर्वी संस्थानी शाळेत त्यांनी मोडी गिरवली होती. त्यानंतर ती लिहिण्याचा प्रसंग क्वचितच आला असेल. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, तर्जनी कागदापासून इंचभर वर धरली आणि ओळीच्या आरंभापासून ती हवेत चालवली. जेथे अडखळले तेथून बोट मागे नेले आणि पुन्हा त्याच वाटेने आणले. शब्द तोंडातून बाहेर पडला तो बोट वळल्यानंतर. "आजोबा, दिसतंय का तुम्हाला?" असे नातीने विचारले तेव्हा ते म्हणाले, "डोळ्यानं न्हाई गं, बोटानं वाचायचं असतंय हे."

एका वृद्धाच्या बोटावरून सिद्धान्त उभारता येत नाही याची जाणीव प्रस्तुत लेखकास आहे. परंतु या प्रसंगाने एक प्रश्न उपस्थित केला, आणि तो लिपीच्या इतिहासाइतकाच संहितेच्या वाचनालाही स्पर्श करणारा आहे. अक्षर म्हणजे कागदावर उमटलेला आकार, की त्या आकारापर्यंत हाताला नेणारा क्रम? आकार हेच अक्षर असेल, तर तक्ता पाठ असलेल्या विद्यार्थिनीने वाचायला हवे होते आणि धूसर दिसणाऱ्या वृद्धाने अडायला हवे होते. घडले ते उलट.

२

हा प्रश्न ज्या लेखनसंस्कृतीत सर्वांत स्पष्टपणे विचारला गेला ती चिनी होय. म्हणून मोडीकडे वळण्यापूर्वी तिकडे थोडे पाहणे इष्ट ठरेल. चिनी मुलाला चिन्ह शिकवले जाते ते रेघांच्या संख्येसह आणि त्यांच्या क्रमासह. आडवी रेघ आधी, उभी नंतर. डावीकडे उतरणारी आधी, उजवीकडे उतरणारी नंतर. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. चौकट आधी, आतला मजकूर नंतर, आणि चौकटीची तळरेघ सर्वांत शेवटी. या अखेरच्या नियमासाठी मुलांना सांगतात की आधी घरात शिरा, मग दार लावा. 'शेत' या अर्थाचे चिन्ह म्हणजे चौकटीत एक आडवी आणि एक उभी रेघ. ते काढताना तीन बाजूंचे बांध पडतात, मग आतले दुभाग, आणि चौथा बांध अखेरीस. मुले लाल छापलेल्या अक्षरावरून काळ्या शाईने हात फिरवतात. आपल्याकडे कित्ता गिरवणे म्हणतात ते हेच.

हा क्रम निसर्गदत्त नाही. याच 'शेत' चिन्हात चीनमध्ये आतली आडवी रेघ आधी घेतात, तर जपानी शाळेत उभी. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ साली क्रमाची मार्गदर्शिका काढली; मात्र तीत न दिलेला क्रम चुकीचा ठरत नाही असेही त्यांनी नमूद केले. चीनने १९९७ साली क्रमाचे प्रमाणीकरण केले आणि २०२० साली नवे मानक प्रसिद्ध केले. क्रम हा संकेत आहे, आणि संकेत बदलू शकतो. पण संकेत आहे म्हणून तो निरर्थक ठरत नाही. चिनी धावत्या लिपीत रेघा एकमेकींना जोडल्या जातात, आणि त्या जोडल्या जातात त्या क्रमानेच. क्रम ठाऊक असलेल्याला जोडरेघ कोणती आणि मूळ रेघ कोणती हे कळते. इतराला ती गुंतवळ वाटते. १९५६ पासून रूढ झालेल्या सुलभीकृत चिन्हांपैकी 'पुस्तक', 'पूर्व', 'गाडी' या अर्थांची चिन्हे धावत्या हस्ताक्षरातूनच उचललेली आहेत. छापील आकाराचे मूळ येथे हाताच्या गतीत सापडते.

केवळ वाचनासाठी चिनी शिकणाऱ्यालाही हातापासून सुटका नसते. १७१६ च्या खांग्शी कोशाने रूढ केलेल्या व्यवस्थेनुसार चिन्ह शोधायचे तर २१४ मूलघटकांपैकी त्याचा घटक ओळखून उरलेल्या रेघा मोजाव्या लागतात, आणि एकाच झटक्यात वळलेली रेघ एक धरायची की दोन हे लिहून पाहिल्याशिवाय उमगत नाही. पुण्याच्या पु. वि. बापट यांनी अकिरा हिराकावा यांच्यासह 'समन्तपासादिका'च्या चिनी रूपांतराचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो १९७० साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. पाली संहितेच्या अभ्यासातून चिनीकडे गेलेल्या अशा विद्वानालाही रेघा मोजण्याच्या या शिस्तीतूनच जावे लागते.

पाश्चात्त्य साहित्यविचाराने चिनी लिपीची जी प्रतिमा घडवली ती मात्र वेगळी आहे. एझरा पाउंडने १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या अर्नेस्ट फेनोलोसाच्या निबंधाने चिनी चिन्ह हे चित्र आहे, गतिमान वस्तूचे चित्र आहे, असा समज काव्यविचारात रुजवला. जॉन डीफ्रान्सिस यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात या चित्रलिपीच्या कल्पनेचे सविस्तर खंडन केले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की फेनोलोसाला क्रिया दिसली ती चित्रित वस्तूत. लिहिणाऱ्याच्या हातात चाललेली क्रिया त्याच्या विवेचनाच्या बाहेर राहिली. चिन्ह आठवत नसेल तेव्हा हवेत किंवा तळहातावर बोट फिरवण्याच्या सवयीला जपानीत 'कूशो' अशी संज्ञा आहे आणि १९८० च्या दशकापासून तेथील मानसशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला आहे. २००५ साली ली हाय तान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनी मुलांचे वाचनकौशल्य त्यांच्या लेखनकौशल्याशी निगडित असल्याचे दाखवले. हा निष्कर्ष पुढे सर्वांनी मान्य केला असे नाही. चांगले वाचणारा पण लिहिण्यात दुबळा असा वाचकही असू शकतो. तरीही आजोबांचे बोट ज्या वर्गात मोडते तो वर्ग काल्पनिक नाही, इतके यावरून म्हणता येईल.

३

मोडीची जात चिनीहून सर्वस्वी भिन्न आहे. ती ध्वनीची लिपी आहे, आणि तिची अक्षरे मोजकी आहेत. असे असूनही क्रमाच्या बाबतीत ती बाळबोधीपेक्षा चिनी धावत्या लिपीला जवळची वाटते, याचे कारण तिच्या घडणीत आहे.

बाळबोध लिहिताना आपण आधी अक्षरे काढतो आणि शब्द पुरा झाल्यावर त्यावर शिरोरेघ देतो. मोडीत शिरोरेघ आधी. बोरूने कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओळ आखून घ्यायची आणि मग अक्षरे तिला खाली लटकवत जायचे. क्रमाचा हा फरक वरवर क्षुल्लक भासतो. परंतु शिरोरेघ शेवटी देणाऱ्याला ती कोठे थांबवायची हे ठरवावे लागते, म्हणजेच शब्द कोठे संपला याचा निर्णय प्रत्येक वेळी घ्यावा लागतो. शिरोरेघ आधीच आखलेली असेल तर या निर्णयाची गरजच उरत नाही. तेथे शिरोरेघ शब्दाची नसते, ओळीची असते. मोडी कागदात शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हे नसतात, हे आपण नेहमी तिचे वैगुण्य म्हणून सांगतो. वस्तुतः जुन्या देवनागरी पोथ्यांतही शब्द सलगच असत. शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडण्याचा परिपाठ आपल्याकडे पक्का झाला तो मुद्रणाच्या काळात. मोडीने एवढेच केले की सलगपणाला हाताच्या क्रमातच बसवले.

दुसरी गोष्ट कान्याची. बाळबोधीत काना वरून खाली येतो. मोडीत हात अक्षराच्या पायथ्याशी असतो, तेथूनच काना वर चढवत शिरोरेघेला भिडवतात, आणि तेथून पुढचे अक्षर सुरू होते. लेखणी उचलायची ती शक्यतो शाईसाठीच. म्हणजे काना एकाच वेळी स्वराचे चिन्ह असतो आणि पुढील अक्षराकडे जाण्याची वाटही असतो. तक्त्यात तो उभ्या रेघेसारखा दिसतो. त्याची दिशा तक्ता सांगत नाही.

विद्यार्थिनी अडली होती ती नेमकी येथे. मजकूर 'विहिरीचा निमे हिस्सा' असा होता. 'चा'चा काना वर चढून 'नि'मध्ये मिसळला होता. तिने तो पुढच्या अक्षराचा आरंभ समजला. त्यामुळे पहिला शब्द अपुरा राहिला आणि दुसरा ओळखीचा उरला नाही. आजोबांचे बोट कान्याबरोबर वर गेले, शिरोरेघेशी क्षणभर थांबले आणि तेथून 'नि' नव्याने सुरू झाला. ऱ्हस्वदीर्घाचा भेद मोडी पाळत नाही, 'मुक्काम', 'पैकी' यांसारख्या शब्दांची संक्षिप्त रूपे तीत सर्रास येतात. हे सारे वाचक संदर्भाने भरून काढतो. पण संदर्भ लावण्यापूर्वी अक्षर कोठे सुरू झाले हे कळावे लागते, आणि ते केवळ आकारावरून कळतेच असे नाही.

सोस्यूरने चिन्हाचे मूल्य समजावताना लेखनाचा दाखला दिला आहे. अक्षर पांढऱ्याने लिहिले की काळ्याने, लेखणीने की छिन्नीने, याला चिन्हव्यवस्थेत महत्त्व नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. व्यवस्थेच्या पातळीवर ते मान्य करावे लागेल. मात्र वाचक व्यवस्थेसमोर नव्हे तर एका विशिष्ट कागदासमोर बसलेला असतो, आणि तेथे चिन्हांमधील भेद ओळखण्याचे साधनच उत्पादनाची रीत हे असू शकते. ज्या लिपीत अक्षरे सुटी पडतात तेथे सोस्यूरचा दाखला चपखल बसतो. ज्या लिपीत ती सुटी पाडण्याचे काम वाचकाकडे येते तेथे तो अपुरा ठरतो.

४

मराठीने हे ज्ञान आपल्या शब्दसंपत्तीत जतन केले आहे. हस्ताक्षराच्या धाटणीला आपण 'वळण' म्हणतो. आकार म्हणत नाही. मुलाला शिस्त लावणे म्हणजेही वळण लावणे. धूळपाटीवर बोटाने काढायची ती धुळाक्षरे. त्यांवरून पुन्हा पुन्हा हात फिरवणे म्हणजे गिरवणे, आणि हात बसेपर्यंत तेच करणे म्हणजे घोटणे. या सर्व क्रियापदांत डोळा दुय्यम आहे. पंतोजी मुलाच्या हातावर हात ठेवून अक्षर काढून घेत. धुळीतले अक्षर तर पुसले जाण्यासाठीच असे; मागे उरायची ती केवळ हाताची सवय.

समर्थ रामदासांनी 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे, ओळी मोत्यांच्या माळांसारख्या दिसाव्यात, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारे एकाच लेखणीने उतरल्यासारखे वाटावे, तरुणपणी फार बारीक लिहिलेले म्हातारपणी उपयोगी पडत नाही म्हणून मध्यम लिहावे, पानाभोवती जागा सोडावी, असा त्यांचा उपदेश आहे. हा समास बाळबोध अक्षराविषयी आहे हे ध्यानात घ्यायला हवे. त्याचा आदर्श पुऱ्या झालेल्या पानाचा आहे. तो ग्रंथाच्या दीर्घायुष्याचा विचार करतो. मोडीचा आदर्श याच्या शेजारी ठेवला म्हणजे दोन लेखनसंस्थांचे स्वरूप स्पष्ट होते. पोथी टिकावी म्हणून लिहिली जाते. पत्र पोहोचावे म्हणून लिहिले जाते. पोथीचा वाचक परका किंवा अजून जन्मलेलाही नसेल, म्हणून तिच्यात अक्षराने स्वतःच सर्व सांगावे लागते. दप्तरातल्या कागदाचा वाचक त्याच तालमीत तयार झालेला दुसरा लेखनिक असतो, म्हणून तेथे अर्धे हाताला ठाऊक असते.

मोडीच्या उत्पत्तीविषयीचे वाद सर्वश्रुत आहेत. परंपरा तिचा संबंध यादवांचा मंत्री हेमाद्रीशी जोडते. राजवाड्यांनी फारसी शिकस्ता वळणाकडे बोट दाखवले, चांदोरकरांनी तिचे मूळ मौर्यी लिपीत शोधले, तर गुप्ते यांनी १९०५ साली बाळाजी आवजींना श्रेय दिले. या मतांपैकी कोणते ग्राह्य याचा निर्णय येथे करण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे की वादाचे दोन पक्ष पडतात. काहींनी मूळ शोधले ते आकारांच्या साम्यात; राजवाड्यांचा तर्क मात्र मोडून, सलग लिहिण्याच्या रीतीवर आधारलेला आहे. पेशवेकाळात चिटणिशी, बिलवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणे नावारूपाला आली. त्यांना घराण्यांची, व्यक्तींची नावे मिळाली याचाच अर्थ असा की वळण हातातून हातात जात होते.

५

मुद्रणाने हा क्रम तोडला, पण तो एकदम तोडला नाही. विल्यम केरीचा मराठी–इंग्रजी कोश १८१० साली श्रीरामपूर येथे छापला गेला तो मोडी टायपात. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला तो बाळबोधीत. या वीस वर्षांच्या अंतरात मराठी मुद्रणाची दिशा ठरून गेली. खिळा हा सुटा असतो आणि मोडीचा प्राण सलगपणात, त्यामुळे खिळ्यांशी तिचे जमणे कठीणच होते. शिळाप्रेसशी मात्र तिचे जमले, कारण शिळाछापात हाताने लिहिलेलेच उमटते. म्हणून एकोणिसाव्या शतकात शाळांतील मोडी वाचनाची पुस्तके शिळाछापाची निघत. त्या पुस्तकातून शिकणाऱ्यासमोर एका जिवंत हाताची गती असे.

१९१७ साली मुंबई सरकारने कारभारातून मोडी हटवून तिच्या जागी बाळबोध आणण्याचा निर्णय घेतला. त्याच साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त करून तलाठी नेमले. या घटना शेजारी ठेवल्या म्हणजे मोडीविषयी हळहळण्याचा मोह आवरावा लागतो. मोडीची तालीम ही काही घराण्यांची मिरास होती. ज्याच्या जमिनीविषयी कागद लिहिला जाई त्याला तो वाचता येत नसे. जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये आणि मुकुंदराव पाटील यांनी १९१३ च्या 'कुलकर्णी लीलामृता'त कुलकर्ण्याच्या लेखणीवर जो प्रहार केला त्याला हे वास्तव कारण होते. ज्या क्रमाविषयी आपण बोलत आहोत तो क्रम माहीत असणे ही सत्ता होती, नसणे ही पराधीनता होती. अक्षराचा आकार स्वयंस्पष्ट असावा, कोणाच्या तालमीवर अवलंबून नसावा, ही मागणी म्हणूनच लोकशाहीची मागणी होती. बाळबोध या नावातच ती आहे.

मग आज क्रमाचा आग्रह धरणे म्हणजे जुन्या मिराशीचे समर्थन नव्हे काय? माझ्या मते परिस्थिती उलटली आहे. मिरासदार गेले, कागद राहिले. पुण्याच्या आणि कोल्हापूरच्या पुरालेखागारांत मोडी कागदांचे रुमाल आहेत. त्यांहून किती तरी कागद घराघरांतल्या पेट्यांत आहेत. त्यांत ज्यांची नावे आहेत त्यांचे वंशज आज ते वाचू पाहत आहेत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात 'कुणबी' नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी जाणणाऱ्यांची वाण गावोगाव जाणवली. जातीच्या दाखल्यासारखी गोष्ट एका शब्दाच्या वाचनावर येऊन ठेपते तेव्हा ते वाचन कसे झाले हा प्रश्न केवळ लिपिशास्त्राचा राहत नाही. ज्या ज्ञानापासून एकेकाळी शेतकऱ्याला दूर ठेवले गेले ते आज त्याच्या नातवंडांना अर्धेच मिळावे, हा जुन्या अन्यायाचा नवा अवतार ठरेल.

६

'अर्धेच' असे म्हणण्याचे कारण उघड आहे. आज मोडी शिकवली जाते ती प्रामुख्याने वाचनासाठी, आणि वाचन शिकवले जाते ते तक्त्यावरून. एका रकान्यात बाळबोध, दुसऱ्यात मोडी. विद्यार्थी प्रत्येक मोडी अक्षराचे बाळबोध रूपांतर पाठ करतो. २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला ही मोलाची गोष्ट आहे. त्यामुळे मोडी संहिता मोडी म्हणून जतन करता येतात. परंतु संगणकावरील मोडीत कळ दाबताच अक्षर संपूर्ण अवतरते आणि आपल्या शिरोरेघेचा तुकडा आपल्याबरोबर घेऊन येते. तेथे तुकडे जोडून ओळ होते; हातात ओळ आधी होती आणि अक्षरे तिच्यावर आली होती. अक्षरांची ओळख पटवण्यासाठी हे साधन पुरेसे आहे. हस्तलिखित वाचायला ते तयार करील अशी अपेक्षा मात्र त्याच्याकडून ठेवू नये. चिनीतही कळफलकाच्या प्रसारानंतर 'लेखणी उचलली की चिन्ह विसरते' अशी म्हणच पडली आहे. तेथे पुढच्या पिढीला शिकवणारे हात अद्याप शाळाशाळांत आहेत. मोडीच्या बाबतीत शाळेत ती गिरवलेले अखेरचे हात आपल्या डोळ्यांदेखत थकत आहेत.

यातून संहिता-चिकित्सेलाही एक सूचना मिळते. बखरी आणि पत्रे यांच्या पाठनिश्चितीत आपण लेखनिकाच्या चुकांचे वर्गीकरण ध्वनिसाम्य आणि आकारसाम्य या दोन सदरांखाली करतो. मोडीवरून उतरलेल्या पाठांसाठी गतिसाम्य हे तिसरे सदर लागेल. ज्या दोन अक्षरसमूहांचे पुरे आकार निराळे असूनही हाताची वाट काही अंतर एकच आहे, तेथे घाईत एकाचे दुसरे होऊ शकते. अशा चुका तक्ता पाहून सापडणार नाहीत. संपादकाला तो मजकूर स्वतः मोडीत लिहून पाहावा लागेल.

अध्यापनासाठी सुचवायचे ते फार थोडे आहे. मोडीच्या अभ्यासक्रमात वाचनापूर्वी लेखन यावे. अक्षराच्या तक्त्यात त्याचा आरंभबिंदू आणि हाताची दिशा दाखवलेली असावी. चिनी पाठ्यपुस्तकांत हे नेहमीचेच आहे. पहिल्या दिवशी शिरोरेघ आखायला शिकवावी. आणि ज्यांनी शाळेत मोडी गिरवली असे जे थोडे वृद्ध आपल्या गावांत आहेत, त्यांचे केवळ कागद न मागता त्यांचे लिहिते हात चित्रित करून ठेवावेत. कागद आणखी काही वर्षे थांबतील. हात थांबणार नाहीत.

ती विद्यार्थिनी त्यानंतर काही महिने आजोबांजवळ बसून रोज एक पान लिहीत होती. आजोबा तिच्या चुका पाहत नसत, तिच्या लेखणीचा कागदावरचा आवाज ऐकत आणि जेथे तो तुटे तेथे थांबवत. पुढे तिने ते खरेदीखत स्वतः वाचून त्याचे लिप्यंतर केले. विहिरीतला निमा हिस्सा त्यांच्या घराण्याचा होता असे त्यावरून दिसते. ती विहीर आता बुजलेली आहे.